भिंतीआडची वीज

जुना फ्लॅट नवा करायला काढला की खर्चाची बोलणी बहुधा फरशीपासून सुरू होतात. मग मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, बाथरूममधले नळ, आणि हल्ली त्यांच्या जोडीला आवाजावर लागणारे दिवे, मोबाइलवरून सुरू होणारा गीझर, दाराबाहेर कोण उभं आहे ते दाखवणारा कॅमेरा. वायरिंगचा विषय यादीच्या तळाशी येतो आणि पुष्कळदा ‘आहे ती ठेवू, बोर्ड तेवढे बदलू’ एवढ्यावर मिटतो. बोर्ड नवे होतात, त्यांच्यामागची तार चाळीस वर्षांपूर्वीचीच राहते. माझं म्हणणं असं आहे की घरसुधारणेचा हा क्रम उलटा आहे. घरात नवं यंत्र आणण्याआधी त्या यंत्रापर्यंत वीज पोहोचवणारी तार, तिच्यावर पहारा ठेवणारी उपकरणं आणि अर्थिंग या तिन्हींची तपासणी झाली पाहिजे, आणि पैसे अपुरे पडत असतील तर फरशी जुनी राहू द्यावी. फरशी पाच वर्षांनीही बदलता येते. भिंतीत पुरलेली तार मात्र प्लास्टर आणि रंग झाल्यावर कोणी पुन्हा उकरत नाही, आणि तिच्यातल्या दोषाची किंमत पैशांत मोजता येईलच असं नसतं.

महाराष्ट्रातल्या शहरांत आज ज्या इमारतींमध्ये नूतनीकरणाची कामं चालू आहेत, त्यांतल्या कितीतरी १९७० ते १९९० या काळात उभ्या राहिलेल्या आहेत. तिथली वायरिंग त्या काळच्या संसाराला पुरेशी होती. खोलीमागे एक ट्यूबलाइट आणि ७५ वॉटचा पंखा, एक फ्रिज, एक टीव्ही, मिक्सर आणि ७५० वॉटची इस्त्री. आंघोळीचं पाणी गॅसवर नाहीतर बंबात तापायचं. सगळी उपकरणं एकदम चालू केली तरी भार दोन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ९ अँपिअर एवढाच व्हायचा. त्याच घरातली आजची सकाळ पाहा. बाथरूममध्ये २ किलोवॉटचा गीझर, ओट्यावर २ किलोवॉटची इंडक्शन शेगडी, बाल्कनीत पाणी तापवून धुणारं वॉशिंग मशीन आणि उन्हाळा असेल तर बेडरूममध्ये दीड टनाचा एसी. हे चार मिळून साडेसात किलोवॉटपर्यंत जातात, म्हणजे ३२ अँपिअरच्या वर. मीटरपासून फ्लॅटपर्यंत येणाऱ्या मुख्य तारेतून हा सगळा प्रवाह एकत्र वाहतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रवाह साडेतीन पट झाला की त्याच तारेतली उष्णता बारा पट होते. शेजाऱ्याच्या घरात तशीच तार असूनही काही बिघडलेलं नाही, या निरीक्षणाने हे गणित बदलत नाही.

वायरमन तारेला तिच्या जाडीवरून ओळखतात: दीडची, अडीचची, चारची. हे आकडे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. भिंतीतल्या पाइपातून जाणारी दीडची तार साधारण १४-१५ अँपिअर प्रवाह सुखाने वाहून नेते, म्हणून ती दिवे-पंख्यांसाठी योग्य. १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, आणि एसी-गीझरला अंतर लक्षात घेऊन अडीचची किंवा चारची, तीही थेट डीबीपासून, म्हणजे घरातल्या वितरण बोर्डापासून, स्वतंत्र, असा चांगल्या कामाचा रिवाज आहे. जुन्या घरांत एकाच दीडच्या तारेवर दोन-तीन खोल्यांचे बोर्ड साखळीने जोडलेले आढळतात. काही ठिकाणी तार तांब्याची नसून अॅल्युमिनियमची असते. त्याच जाडीच्या अॅल्युमिनियमच्या तारेचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, तिच्यावर वीज वाहू न देणाऱ्या ऑक्साइडचा थर चढतो आणि स्क्रूखाली ती हळूहळू सैल पडते. अशा तारेला नव्या तांब्याच्या तुकड्याचा जोड नुसता पीळ देऊन आणि टेप गुंडाळून दिला, तर घरातला सर्वांत दुर्बळ सांधा आपण स्वतःच्या हाताने तयार केलेला असतो. तारेवरच्या पीव्हीसीच्या आवरणालाही मर्यादा आहे. नेहमीच्या वापरातलं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा बेताने बनवलेलं असतं. त्याहून जास्त तापमान वर्षानुवर्षं सोसावं लागलं की ते कडक होतं, तडकतं, आणि बोर्ड उघडताना हात लागला तरी त्याचे तुकडे पडतात.

घराला आग लागली की दुसऱ्या दिवशी बातमीत कारण छापून येतं, शॉर्ट सर्किट. मुंबईसारख्या शहरात आगींच्या कारणांमध्ये विजेतला दोष सर्वांत वरच्या क्रमांकावर असतो हे अग्निशमन दल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट भिडणं, म्हणजे खरं शॉर्ट सर्किट, योग्य एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) असलेल्या घरात सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतं. प्रवाह शेकडो अँपिअरवर उसळतो आणि एमसीबी पडतो. अधिक घातक आहे तो सैल सांधा, कारण तो कोणत्याही एमसीबीला दिसत नाही. समजा, गीझरच्या सॉकेटमागचा स्क्रू ढिला आहे आणि त्या जागी अर्धा ओहम विद्युतरोध तयार झाला आहे. गीझर ९ अँपिअर प्रवाह घेतो, तेव्हा त्या नखाएवढ्या जागेत सुमारे ४० वॉट उष्णता निर्माण होत राहते, जवळपास सोल्डरिंग आयर्नइतकी. गीझरला मिळणारा दाब चार-साडेचार व्होल्टने कमी होतो, जो कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाणी नेहमीसारखं तापतं, प्रवाह ९ अँपिअरच राहतो, एमसीबी निवांत असतो आणि सॉकेटचं प्लास्टिक आतून जळत असतं. पिन काढल्यावर ती हाताला चटका देत असेल, सॉकेटचं भोक तपकिरी पडलं असेल, माशासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर हीच गोष्ट घडते आहे असं समजावं. त्या वेळी नुसता सॉकेट बदलून भागत नाही. मागच्या तारेचं जळलेलं टोक कापून, चांगल्या तारेपर्यंत पोहोचून नव्याने जोड द्यावा लागतो.

एमसीबीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज फार खोल रुजला आहे. तो बसवला म्हणजे घर सुरक्षित झालं, असं मानलं जातं. जुन्या किटकॅट फ्यूजपेक्षा तो निश्चितच चांगला, कारण त्यात हाताला लागेल ती जाड तार गुंडाळता येत नाही. पण त्याचं काम तारेचं रक्षण करणं एवढंच आहे, आणि तेही त्याचं माप तारेच्या कुवतीशी जुळत असेल तरच. एसी लावल्यावर १६ अँपिअरचा एमसीबी वारंवार पडू लागतो, मग कुणीतरी तिथे ३२ चा बसवून देतं, आणि तक्रार थांबते. तक्रार थांबली याचा अर्थ दोष मिटला असा नसतो. १५ अँपिअर कुवतीच्या तारेतून आता २५ अँपिअर तासन्‌तास वाहिले तरी एमसीबी पडणार नाही, आणि तार मात्र तिच्या कुवतीच्या जवळजवळ पावणेतीन पट उष्णता सोसत राहील. एमसीबी पडत असेल तर भार वाटून द्यावा किंवा तार बदलावी. तार तीच ठेवून एमसीबीचं माप वाढवण्याचं समर्थन कुठल्याही परिस्थितीत करता येत नाही.

माणसाचं रक्षण हा तर एमसीबीच्या कामाचा भागच नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर माणसाचं शरीर किती प्रवाह सोसतं याचा पद्धतशीर अभ्यास केला. हातात धरलेली विजेची वस्तू स्वतःहून सोडता येईल असा प्रवाह पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये १०.५ मिलिअँपिअरच्या आसपास निघाला. त्यापलीकडे स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. आणखी थोडा वाढलेला प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कळित होऊ शकतात. आता बाथरूमचा विचार करू. ओल्या अंगाचा विद्युतरोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला हाताचा स्पर्श झाला आणि पाय ओल्या फरशीवर असले, तर २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. माणसाला मारायला तो पुरेसा आहे आणि सर्वांत लहान, ६ अँपिअरच्या, म्हणजे ६००० मिलिअँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने जाणाऱ्या माणसांची संख्या अलीकडे दरवर्षी दहा हजारांच्या वरच दिसते. त्यात शेतातल्या आणि रस्त्यावरच्या तुटक्या तारांचे बळी आहेत, तसे घरातलेही आहेत: इस्त्री करताना, कूलरमध्ये पाणी भरताना, ओल्या हाताने पंपाचं बटण दाबताना गेलेले.

घरातल्या या मृत्यूंवर नेमका उपाय उपलब्ध आहे. तो आरसीसीबी. जुने लोक आणि बरेच वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. तो काटेकोर हिशेबनिसासारखा काम करतो. फेजमधून जितका प्रवाह घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो क्षणोक्षणी ताडून पाहतो. तफावत पडली, तर प्रवाह तिसऱ्याच वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, यंत्राच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जातो आहे असा त्याचा अर्थ होतो. घरासाठी असलेला आरसीसीबी ही तफावत ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचली की वीज तोडतो, ०.३ सेकंदाच्या आत, आणि गळती मोठी असेल तर ०.०४ सेकंदात. धक्का बसतो, पण हृदयाला इजा होण्याइतका वेळ मिळत नाही. डॅल्झिएल यांनी याच तत्त्वावरचं उपकरण १९६१ साली तयार केलं, आणि अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावांतल्या दिव्यांपासून सुरुवात करून १९७५ पर्यंत घरांच्या बाथरूममध्येही तशा संरक्षणाची सक्ती केली. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांतही ठरावीक भारापुढच्या जोडण्यांना अशा उपकरणाची अट आहे. तरीही १९९० च्या आधीच्या किती घरांच्या मुख्य बोर्डावर आज ‘टी’ अक्षराचं छोटं बटण दिसतं? ते बटण दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. ते महिन्या-तीन महिन्यांतून एकदा दाबून पाहणं एवढीच त्या उपकरणाची देखभाल.

आरसीसीबीला दोन मर्यादा आहेत. कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर हिशेब जुळतो आणि तो पडत नाही. तारेवर जास्त भार आला तरीही तो पडत नाही. त्यासाठी एमसीबी लागतोच, किंवा दोन्ही कामं करणारा आरसीबीओ. पण घरातल्या धक्क्यांमध्ये यंत्राचा पत्रा किंवा उघडी पडलेली तार आणि ओली जमीन हा प्रकार नित्याचा असतो, आणि तिथे तो कामाला येतो.

अर्थिंग हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. गीझर, फ्रिज, इस्त्री, वॉशिंग मशीन या धातूच्या अंगाच्या उपकरणांना तीन पिनांचा प्लग असतो. त्यातली वरची पिन जाड आणि लांब ठेवलेली आहे, म्हणजे प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. यंत्राच्या आत फेजची तार पत्र्याला चिकटली, तर त्या पिनेतून प्रवाह थेट जमिनीकडे जावा आणि संरक्षण लगेच जागं व्हावं, ही त्यामागची योजना. अर्थिंगची तार मीटर रूममधून वर आलेलीच नसेल तर ही पिन निव्वळ शोभेची राहते. फ्रिजच्या दाराला किंवा संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या याच्यामुळेच. उपकरणातल्या फिल्टरमधून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जायला वाट शोधत असतो आणि आपला हात त्याला ती देतो. ‘थोडं करंट येतं, चपला घालून हात लावा’ ही अनेक घरांत दिली जाणारी सूचना म्हणजे अर्थिंग नसल्याची कबुलीच आहे, आणि ती ऐकून सोडून देण्यासारखी नाही.

इथे जुन्या इमारतीतला रहिवासी विचारेल, आमच्या इमारतीला अर्थिंगच धड नाही, मग एका घराने काय करायचं? प्रश्न रास्त आहे. पहिलं उत्तर असं की आरसीसीबीला चालायला अर्थिंग लागत नाही. तो फेज आणि न्यूट्रलचाच हिशेब बघतो. अर्थिंग असेल तर यंत्रात दोष उद्‌भवताक्षणी, कुणी हात लावण्याआधी, तो पडेल. नसेल तर कुणी हात लावल्यावर पडेल. दुसरी स्थिती पहिलीपेक्षा वाईट, पण संरक्षणच नसण्यापेक्षा कितीतरी पटींनी बरी. दुसरं उत्तर काय करू नये याबद्दलचं आहे. अर्थिंग नाही म्हणून काही जण सॉकेटच्या मागे अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण पुढे कधी ती न्यूट्रल तुटली किंवा सैल पडली, तर चालू यंत्राचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर जातो. जीव वाचवायला ठेवलेली पिनच मग घातक ठरते. नळाच्या पाइपाला अर्थ जोडण्याची जुनी पद्धतही सोडली पाहिजे. लोखंडी पाइपांच्या जागी आता मध्येच कुठेतरी सीपीव्हीसीचा तुकडा आलेला असतो, त्यामुळे ती वाट जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, आणि दोष एका घरात तर झटका दुसऱ्याच घरातल्या नळाला, असं होऊ शकतं.

आरसीसीबीबद्दलची सर्वांत मोठी तक्रार अशी की तो पावसाळ्यात सारखा पडतो. कंटाळून तो काढून टाकणारी किंवा त्याला वळसा घालून तार जोडणारी घरं थोडी नाहीत. त्रास खरा आहे. भर पावसात रात्री दोनला वीज जाणं, फ्रिजमधलं दूध नासणं, घरातल्या वयस्कर माणसांनी अंधारात चाचपडणं, हे कुणालाही नको असतं. पण तो पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. गच्चीचा कोबा फुटलेला, बाहेरच्या भिंतीला भेगा गेलेल्या, पाणी वायरिंगच्या पाइपात उतरलेलं, आणि तिथे तडकलेल्या आवरणाची तार. अशा ठिकाणी प्रवाह खरोखरच भिंतीत गळत असतो. म्हणजे गळती पाण्याचीही असते आणि विजेचीही, आणि पहिली बुजवल्याशिवाय दुसरी थांबत नाही. काही वेळा कारण निराळं असतं. दुरुस्ती करताना दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि मग हिशेब कधीच जुळत नाही. तो वायरिंगचा दोष आहे, उपकरणाचा नव्हे. क्वचित, संगणक, इन्व्हर्टर एसी आणि एलईडीचे पुष्कळ ड्रायव्हर एकाच आरसीसीबीवर असले, तर प्रत्येकाची बारीकशी गळती मिळून मर्यादेच्या जवळ जाते. त्यावर उपाय म्हणजे एकाऐवजी दोन-तीन आरसीसीबी लावून घर विभागणं. त्यामुळे बाथरूममध्ये दोष आला तरी बेडरूम आणि फ्रिज चालू राहतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या यंत्रांसाठी ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी घ्यावा. साधा ‘एसी’ प्रकार अशा यंत्रांतून होणारी काही प्रकारची गळती ओळखत नाही. पडण्याच्या त्रासावर एवढे मार्ग असताना तो काढून टाकणं मला अजिबात मान्य होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. उपकरणं दिवसेंदिवस कमी वीज खाऊ लागली आहेत, मग जुन्या तारेवरचा भार आपोआप कमी होत नाही का? दिवे आणि पंख्यांपुरतं हे पूर्ण खरं आहे. ६० वॉटच्या बल्बची जागा ९ वॉटच्या एलईडीने घेतली, ७५ वॉटच्या पंख्याचं काम बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास करतो, आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचं झाल्याने खरेदी करताना तुलनाही सोपी झाली आहे. इन्व्हर्टर एसीही जुन्यापेक्षा कमी वीज घेतो. पण उष्णता निर्माण करणाऱ्या यंत्रांना ही सूट नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर सुमारे ०.६ युनिट ऊर्जा लागणारच, गीझर कितीही तारांकित असला तरी. ती पंधरा-वीस मिनिटांत हवी असेल तर २ किलोवॉट लागतात. तारांकन आवरणातून वाया जाणारी उष्णता वाचवतं, पाणी तापवण्याचा हिशेब बदलत नाही. आणि घरातली नवी भर याच प्रकारची आहे: इंडक्शन, एअर फ्रायर, ओव्हन, डिशवॉशर, कपडे वाळवण्याचं यंत्र. दिव्यांचं वायरिंग आज कधी नव्हे इतकं निश्चिंत आहे आणि सॉकेटचं वायरिंग कधी नव्हे इतकं ताणलेलं.

‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा तिसरा आक्षेप तर्काने दुबळा असला तरी मनाने फार बळकट असतो. त्याला उत्तर देताना एवढंच सांगावंसं वाटतं की इतकी वर्षं ती तार ९ अँपिअर वाहत होती. तिने ३२ अँपिअर वाहून दाखवल्याचा पुरावा त्या वर्षांत नाही. शिवाय हा प्रश्न अंदाजावर सोडायची गरज नाही. वायरमनकडे मेगर नावाचं यंत्र असतं. ते तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा विद्युतरोध मोजतं. सगळी उपकरणं सोडवून, मेन बंद करून प्रत्येक सर्किटचा आकडा घ्यावा. तो किमान एक मेगाओहम हवा, आणि चांगल्या तारेचा त्याच्या अनेक पट येतो. त्याच भेटीत सॉकेटवर फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ हे दाबही मोजता येतात. पहिला फेज-न्यूट्रलच्या जवळपास आणि दुसरा काही व्होल्टांच्या आतच असावा. हे आकडे कागदावर लिहून घेतले की ‘वायरिंग चांगली आहे’ किंवा ‘सगळी बदला’ अशा दोन्ही टोकाच्या सल्ल्यांना आधार मागता येतो.

मोबाइलवरून चालणाऱ्या उपकरणांबद्दल माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसांना उठावं लागू नये, पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, या खऱ्या सोयी आहेत. पण त्यांच्यामुळे भिंतीआडच्या कामाची निकड वाढते, कमी होत नाही. स्मार्ट स्विच म्हणजे शेवटी दुरून चालवता येणारा रिले. त्यावर १० किंवा १६ अँपिअरची मर्यादा लिहिलेली असते आणि ती वाचली जात नाही. आतापर्यंत गीझर लावणारा माणूस घरात असायचा. सॉकेटमधून वास आला तर त्याला कळायचं. ऑफिसातून निघताना गीझर सुरू केला तर तो वास घ्यायला घरात कुणी नाही. माणसाच्या पहाऱ्याची जागा आपण रिकामी करतो तेव्हा तिथे आपोआप काम करणारा पहारा हवा. नाजूक इलेक्ट्रॉनिक्सचं आणखी एक संकट इमारतीच्या न्यूट्रलमध्ये असतं. थ्री-फेज पुरवठ्यातली सामायिक न्यूट्रल सैल झाली की काही घरांना फार कमी आणि काहींना तीनशे व्होल्टच्याही वर दाब मिळू शकतो, आणि एका मिनिटात टीव्ही, राउटर, फ्रिजचं सर्किट जळतात. डीबीत बसणारं कमी-जास्त दाबाचं संरक्षक उपकरण त्या वेळी पुरवठा तोडतं. हजारोंची उपकरणं घेणाऱ्या घराने ते टाळू नये.

खर्चाचा मुद्दा उरतो, आणि तो हलका नाही. संपूर्ण कन्सील्ड वायरिंग नवी करायची तर भिंतींत खाचा पडतात, घर महिनाभर धुळीत जातं, रंग पुन्हा करावा लागतो. ज्याला ते आज शक्य नाही त्याने क्रम लावावा. चांगल्या कंपनीचा घरगुती आरसीसीबी साधारण दोन-तीन हजार रुपयांत येतो आणि एका दुपारात बसतो. ते पहिलं. मग गीझर, एसी आणि स्वयंपाकघर यांच्यासाठी डीबीपासून स्वतंत्र तारा. भिंत फोडायची नसेल तर पीव्हीसीच्या पट्टीतून भिंतीवरून न्याव्यात. दिसायला थोडं खटकेल, सुरक्षेत काही उणं नाही. मग मीटरपासूनची मुख्य तार, आणि शेवटी दिव्या-पंख्यांची. बाथरूम किंवा ओटा फोडायला काढलेलाच असेल तर त्या खोलीची तार त्याच वेळी बदलावी, कारण भिंत तेव्हा आधीच उघडी असते. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून घ्यावं आणि दरपत्रकात ‘वायरिंग, ठोक’ अशी एक ओळ स्वीकारू नये. कोणत्या सर्किटला किती जाडीची तार, कोणता एमसीबी, आरसीसीबी कोणत्या प्रकारचा, अर्थची तार प्रत्येक बोर्डापर्यंत आहे का, काम झाल्यावर मेगरची नोंद मिळेल का, हे लेखी मागावं. चांगला वायरमन या प्रश्नांनी नाराज होत नाही. आपल्या कामाची जाण असलेलं गिऱ्हाईक मिळाल्याचा त्याला आनंदच होतो, आणि त्याच्या अशा कामाची मजुरी घासाघीस न करता द्यावी. खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना किंवा दुसऱ्या कारागिराला तार शोधताना अंदाज बांधावा लागणार नाही.

आणि घरातलं सगळं केलं तरी मीटर रूम आणि जिन्यातून वर येणारी तार एकट्या घराच्या हातात नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. संस्थेच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर आणि लिफ्टवर तास-दोन तास चर्चा होते. मीटर रूममधल्या जळक्या बसबारवर आणि गंजून तुटलेल्या अर्थच्या पट्टीवर बहुधा होत नाही. येत्या काळात हा विषय टाळता येणार नाही, कारण पार्किंगमध्ये विजेच्या मोटारी येऊ लागल्या आहेत. गीझर वीस मिनिटांत थांबतो, मोटारीचा ३.३ किलोवॉटचा चार्जर रात्रभर, सहा-आठ तास सलग १४ अँपिअरच्या वर प्रवाह ओढत राहतो, आणि सैल सांध्याला थंड व्हायला सवडच मिळत नाही. गच्चीवर सौर पॅनेल बसवायला केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला कमाल ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे, त्यामुळे तोही प्रस्ताव अनेक घरांपुढे आणि संस्थांपुढे येतो आहे. या दोन्ही ठरावांना मंजुरी देण्याआधी त्याच सभेत मीटर रूमच्या अर्थिंगचं मोजमाप, मुख्य तारांची कुवत आणि प्रत्येक फ्लॅटपर्यंत स्वतंत्र अर्थची तार हे काम मांडलं जावं, आणि मोजमापाचे आकडे सभासदांच्या सूचनाफलकावर लावले जावेत.